बंध, घोटा आणि साखळी : पेशींना जोडणाऱ्या काही प्रथिनांच्या नामकरणाचा इतिहास

इ. स. १९८९ मध्ये ओझावा, बारिबो आणि केमलर या तीन संशोधकांनी एका शोधनिबंधात तीन प्रथिनांना मिळून ‘कॅटेनिन’ हे नाव सुचविले आणि त्यांना ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने आल्फा, बीटा व गॅमा अशी उपपदे जोडली. लॅटिन भाषेत ‘कातेना’ म्हणजे साखळी. या तीन प्रथिनांची वजने अनुक्रमे १०२, ८८ आणि ८० हजार डाल्टन भरली होती व ती पेशीपटलातील एका आसंजक प्रथिनाच्या आतल्या टोकाशी संलग्न अशी सापडत होती. यापलीकडे त्यांच्याविषयी त्या वेळी फारच थोडे ठाऊक होते. त्यांची रचना अज्ञात होती, आणि दुसऱ्या टोकाने ती नेमके कोणाला धरतात हे कोणी सिद्ध केले नव्हते. तरी नाव पडले ते साखळीचे. साखळी म्हटली की तिला दोन टोके आली, मधले दुवे आले, आणि ओढली असता न तुटण्याचा गुणही आला. हे सारे प्रयोगाने हाती येण्यापूर्वीच नावातून शास्त्रात दाखल झाले. पुढील पंचवीस वर्षांत या नावाची जी परीक्षा झाली, तीत ते एकदा जवळजवळ खोटे ठरले व नंतर अनपेक्षित रीतीने खरे ठरले.

या परीक्षेचे मर्म ध्यानी येण्यासाठी विषयाची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल. प्राण्याचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे विधान इतके परिचित झाले आहे की, त्या पेशी परस्परांना धरून कशा राहतात हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. त्वचा ताणली तरी फाटत नाही. हृदयाचा स्नायू जन्मभर आकुंचन-प्रसरण पावूनही विस्कळित होत नाही. अर्थात् पेशीपेशींच्या मध्ये भार वाहणारे सांधे असलेच पाहिजेत. पेशीच्या आत तंतूंचे एक जाळे पसरलेले असते. त्यालाच पेशीकंकाल म्हणतात, आणि त्यातील एक प्रमुख तंतू ॲक्टिन नामक प्रथिनाचा असतो. पेशीपटलातून आरपार गेलेली दुसरी काही प्रथिने बाहेरच्या बाजूने शेजारच्या पेशीला, किंवा पेशीबाहेरील तंतुमय द्रव्याला, पकडून राहतात. परंतु पटलातील ही प्रथिने आणि आतील ॲक्टिन यांचा बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. मध्ये दुवे लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय या दुव्यांचा, आणि विशेषतः त्यांच्या नावांचा आहे.

सांध्यांची जुनी नावे केवळ डोळ्यांना दिसले ते सांगणारी होती. १९२० मध्ये योझेफ शाफर याने ‘डेस्मोसोम’ हा शब्द बनविला, तो ग्रीक भाषेतील ‘बंध’ आणि ‘देह’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून. १९६३ मध्ये मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अनेक अवयवांच्या अस्तरपेशी तपासून तीन प्रकारचे सांधे वर्णिले व त्यांना अस्सल लॅटिन नावे दिली. त्यांपैकी ‘झोन्यूला ॲडहेरेन्स’ म्हणजे चिकटणारा पट्टा, आणि ‘मॅक्युला ॲडहेरेन्स’ म्हणजे चिकटणारा ठिपका. शरीररचनाशास्त्राची ही जुनी शिस्तच होय : दिसते ते सांगावे, कसे घडते ते सांगू नये. १९७१ मध्ये ॲबरक्रॉम्बी व त्याच्या सहकाऱ्यांनी काचेवर सरकणाऱ्या पेशींच्या तळाशी गडद ठिपके पाहिले आणि त्यांत तंतूंची टोके येऊन थांबतात असे नोंदविले. त्यांनीही ठिपक्यांना ठिपकेच म्हटले. १९७४ मध्ये लाझारिडेस व वेबर यांनी ॲक्टिनवरील प्रतिपिंडांना चकाकणारे रंगद्रव्य जोडून पेशीतील ॲक्टिनच्या जुड्या प्रथमच स्पष्ट उजेडात आणल्या. तेव्हा या जुड्या कोठे जातात आणि शेवटी कशाला बांधलेल्या असतात, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

प्रश्न ‘कोठे’ वरून ‘कशाला’ वर आला आणि नावांचा स्वभाव पालटला. बेंजामिन गायगर याने १९७९ मध्ये कोंबडीच्या दाणे भरडणाऱ्या स्नायुमय पोटातून एक प्रथिन वेगळे काढले. त्याचे वजन सुमारे १ लक्ष ३० हजार डाल्टन दिसले, म्हणून पहिल्या निबंधात त्याचा उल्लेख केवळ आकड्याने आहे. प्रतिपिंडांनी शोध घेता हे प्रथिन नेमके ॲक्टिनच्या जुड्यांच्या टोकांशी आढळले. पुढील वर्षी सिंगर आदी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात त्याचे ‘व्हिन्क्युलिन’ झाले. लॅटिन ‘विन्क्युलुम’ म्हणजे बंध, बेडी. बीजगणितात अनेक पदांना एकत्र बांधणाऱ्या आडव्या रेषेलाही युरोपीय भाषांत हाच शब्द आहे. एका वर्षात आकड्याचे नाव झाले आणि नावाबरोबर एक प्रतिज्ञा झाली. जे टोकाशी आढळले, ते टोक बांधणारे ठरले. स्थानावरून कार्याचे अनुमान करण्याची ही उडी तर्कशास्त्राच्या दृष्टीने सदोष खरी; परंतु तिच्यावाचून पुढचे प्रयोग कोणी केले असते की नाही, याची शंकाच आहे.

प्रतिज्ञेची पहिली कसोटी लवकरच लागली. १९८० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत शुद्ध व्हिन्क्युलिन ॲक्टिनच्या तंतूंना बांधते असे वृत्तांत प्रसिद्ध झाले. पुढे शुद्धीकरण अधिक काटेकोर होताच तो परिणाम विरू लागला. १९८६ मध्ये विल्किन्स आणि लिन यांनी फेरतपासणी करून दाखविले की, ॲक्टिनवर घडणारा तो परिणाम व्हिन्क्युलिनचा नसून त्याच्यासोबत राहून गेलेल्या अन्य प्रथिनांचा होता. ‘बंध’ नावाचे प्रथिन ज्याला बांधावयाचे त्यालाच बांधीत नाही, असा चमत्कारिक प्रसंग ओढवला. नाव मात्र कोणी बदलले नाही. शास्त्रीय संज्ञेचा हा एक विशेष होय : तिचा व्युत्पत्त्यर्थ कोसळला तरी ती केवळ खूण म्हणून उभी राहू शकते, आणि मग तिच्यातील दावा जणू निजून राहतो.

दरम्यान दुसऱ्या बाजूचे दुवे सापडू लागले होते. १९८३ मध्ये कीथ बरिज आणि कॉनेल यांनी याच ठिपक्यांतील एक फार मोठे प्रथिन वर्णिले व त्याला लॅटिन ‘तालुस’ म्हणजे घोटा यावरून ‘टॅलिन’ हे नाव दिले. पाय आणि पाऊल यांच्या मधला सांधा तो घोटा; पेशीचे पाऊल जेथे टेकते तेथील हे प्रथिन, हे रूपक मोठे नेटके आहे. १९८४ मध्ये टॅलिन व व्हिन्क्युलिन एकमेकांना धरतात असे बरिज व मान्झा यांनी दाखविले. १९८६ मध्ये हॉर्विट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनी टॅलिन पटलातील ग्राहक प्रथिनालाही धरते असे सिद्ध केले, आणि त्याच वर्षी हाइन्सच्या प्रयोगशाळेने त्या ग्राहकाला ‘इंटिग्रिन’ म्हटले. या काळात नावांचे जणू पीक आले. १९९० मध्ये टर्नर, ग्लेनी व बरिज यांनी ‘पॅक्सिलिन’ आणले, ते खुंटी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. मेरी बेकर्ले हिच्या ‘झायक्सिन’च्या मुळाशी जोडणे या अर्थाचा ग्रीक धातू आहे. ग्रीक ‘झुगोन’, संस्कृत ‘युग’ आणि शेतकऱ्याच्या तोंडचे मराठी ‘जू’ ही एकाच घराण्यातील रूपे असल्यामुळे, बैलाच्या मानेवरचे जू आणि पेशीच्या तळाचे झायक्सिन हे शब्द दूरचे भाऊबंद ठरतात. बंध, घोटा, खुंटी, जू, साखळी. दावणीतल्या आणि गाड्याबैलांच्या या वस्तू एकत्र पाहिल्या म्हणजे नाव देणाऱ्यांच्या मनात कोणते चित्र होते ते निराळे सांगावे लागत नाही.

व्हिन्क्युलिनच्या कोड्याचा उलगडा १९९४-९५ मध्ये रॉबर्ट जॉन्सन व सुसान क्रेग यांनी केला. व्हिन्क्युलिनला एक मोठे डोके आणि एक लहान शेपूट आहे. शेपटीत ॲक्टिनला धरण्याची जागा खरोखरच आहे. परंतु विरघळलेल्या स्थितीत डोके शेपटीला इतके घट्ट धरून बसते की ती जागा झाकली जाते. दोन्ही भाग वेगळे तोडले असता शेपूट ॲक्टिनला निःसंदिग्धपणे धरते. म्हणजे १९८६ चा प्रयोग खरा होता आणि १९८० चे नावही खरे होते. त्या प्रयोगात तपासलेला रेणू मिटलेल्या मुठीसारखा होता, इतकेच. २००४ मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने संपूर्ण व्हिन्क्युलिनची रचना प्रसिद्ध झाली. १०६६ अमिनो आम्लांच्या या रेणूत पाच मळसूत्री दांड्यांची जुडी असलेली शेपूट डोक्याच्या खंडांनी चिमट्यात धरावी तशी धरलेली स्पष्ट दिसली. त्याच वर्षी इझार्ड आणि सहकाऱ्यांनी टॅलिनमधील एक मळसूत्र व्हिन्क्युलिनच्या डोक्यात शिरून तेथील चार दांड्यांच्या जुडीची पाच दांड्यांची जुडी कशी करते, हे दाखविले. व्हिन्क्युलिनचे जनुक नष्ट केलेल्या उंदरांचे गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास मरतात व त्यांच्या हृदयात आणि मेंदूत दोष आढळतात, हे १९९८ मध्ये सिद्ध झालेच होते. बंध हे नाव आता निजलेले राहिले नव्हते.

टॅलिनची हकीकत थोडक्यात सांगणे पुरे. २५४१ अमिनो आम्लांच्या या रेणूचा दांडा ६२ मळसूत्रांचा असून ती १३ जुड्यांत बांधलेली आहेत. व्हिन्क्युलिन ज्या मळसूत्रांना धरते ती या जुड्यांच्या गाभ्यात दडलेली असतात, हे स्फटिकांवरून कळले होते. मग व्हिन्क्युलिन तेथे पोचते कसे, हा प्रश्न उरला. २००९ मध्ये शीट्झच्या प्रयोगशाळेत टॅलिनच्या दांड्याचा एकेक तुकडा चुंबकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष ताणण्यात आला, आणि ताणल्यावर त्याला चिकटणाऱ्या व्हिन्क्युलिनची संख्या वाढते असे मोजून दाखविण्यात आले. घोट्यावर भार पडला की तो उघडतो आणि नवे बंध बोलावून घेतो. येथून पुढे ‘भार’ हा शब्द या शास्त्रात केवळ उपमा राहिला नाही. त्याची मापे पिकोन्यूटनांत येऊ लागली.

कॅटेनिनांची कथा मात्र याहून अधिक वादग्रस्त झाली. ही प्रथिने ज्याच्या टोकाशी सापडली, ते आसंजक प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. हे नाव जपानमधील मासातोशी ताकेइची याच्या प्रयोगशाळेतले असून, कॅल्शियमवर अवलंबून असणारे आसंजन अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांतून ते जोडलेले आहे. १९९१ मध्ये आल्फा-कॅटेनिनमधील अमिनो आम्लांचा क्रम जर्मनीत व जपानमध्ये स्वतंत्रपणे लागला, आणि तो व्हिन्क्युलिनशी मिळताजुळता निघाला. साखळी ही बंधाची सगोत्र ठरली. नामकरणाच्या वेळी कोणालाही हे ठाऊक नव्हते. १९९२ मध्ये हिरानो, ताकेइची आदींनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अशा पेशी घेतल्या की, ज्यांत कॅडहेरिन होते पण आल्फा-कॅटेनिन नव्हते. त्या पेशी सैल, विस्कटलेल्या राहत. मज्जापेशींतील आल्फा-कॅटेनिन त्यांना दिले असता त्या एकमेकींना बिलगल्या. १९९४ मध्ये नागाफुची व त्याच्या सहकाऱ्यांनी मधले बीटा-कॅटेनिन गाळून कॅडहेरिन आणि आल्फा-कॅटेनिन यांना एकाच रेणूत शिवले, आणि पेशी तरीही एकमेकींना धरून राहिल्या. १९९५ मध्ये रिम आणि सहकाऱ्यांनी शुद्ध आल्फा-कॅटेनिन ॲक्टिनला धरते असे दाखविले. कॅडहेरिन बीटाला धरते, बीटा आल्फाला धरते, आल्फा ॲक्टिनला धरते; तेव्हा साखळी पूर्ण झाली असे सर्वांनीच मानले. विद्यापीठांच्या क्रमिक पुस्तकांत ती चित्ररूपाने दिसू लागली, आणि विद्यार्थी ती परीक्षेत काढू लागले.

या चित्रातील चूक तर्काची होती. तीन जोड्या स्वतंत्रपणे सिद्ध झाल्या होत्या. त्या तिन्ही एकाच क्षणी, एकाच रेणूमालेत असतात हे सिद्ध झाले नव्हते. स्टॅनफर्ड येथील विल्यम वाइस व जेम्स नेल्सन यांच्या प्रयोगशाळांनी नेमके हेच तपासले. पोकुट्टा आणि वाइस यांनी २००० मध्ये रचनेच्या आधारे दाखविले होते की, आल्फा-कॅटेनिनचे दोन रेणू ज्या जागी परस्परांना धरतात तीच जागा बीटा-कॅटेनिनला धरण्याचीही आहे. म्हणजे एका वेळी एकच घडू शकते. २००५ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष असा की, एकेकटे आल्फा-कॅटेनिन बीटाला पसंत करते, जोडीतले आल्फा-कॅटेनिन ॲक्टिनला पसंत करते, आणि कॅडहेरिन-बीटा-आल्फा या संकुलाला ॲक्टिन चिकटत नाही. व्हिन्क्युलिन मिसळले तरी नाही, द्रावणात नाही आणि वेगळ्या काढलेल्या पटलांवरही नाही. शिवाय जिवंत पेशींत तपासले असता कॅडहेरिन व कॅटेनिने सारख्याच संथ गतीने हालत होती, तर ॲक्टिन फार चपळ होते. साखळीने एकमेकांस बांधलेल्या वस्तूंची गती इतकी भिन्न कशी असेल? एका निबंधाचे शीर्षकच या संकुलाची मांडणी उलगडून टाकण्याची भाषा करणारे होते. आल्फा-कॅटेनिनला आता साखळीऐवजी कळ म्हणण्यात येऊ लागले.

या निष्कर्षाने उडालेला गोंधळ समजून घेण्यासारखा आहे. कर्करोगाच्या पेशींचे १९९२ चे प्रयोग खोटे नव्हते. आल्फा-कॅटेनिन नसता पेशी सुटतात, हे उघड होते. दुसरीकडे स्टॅनफर्डच्या रसायनकार्यातही कोणाला उणीव काढता येईना. काहींनी अन्य दुव्यांचा शोध सुरू केला. काहींनी साखळी ही कल्पनाच त्याज्य मानली. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की, स्थिर द्रावणात जो बंध जुळत नाही तो पेशीतही जुळणार नाही. पेशीत हे रेणू स्थिर नसतात. ॲक्टिनच्या जाळ्याला मायोसिन सतत खेचीत असते. २०१० मध्ये योनेमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, खेच पडली की आल्फा-कॅटेनिनचा एक झाकलेला भाग उघडतो आणि तेथे व्हिन्क्युलिन येऊन बसते. २०१२ मध्ये बोर्गी आदींनी पेशीतील कॅडहेरिनवर नित्य ताण असतो असे मोजून सांगितले. ताण असेल तर दुसऱ्या टोकाला काही तरी बांधलेले असलेच पाहिजे.

व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे संधीचे उदाहरण आठवल्यावाचून राहणार नाही. दोन पदे सुटीसुटी उच्चारून कितीही तपासली तरी त्यांच्यातील संधी सापडत नाही. ती एका श्वासात, एका प्रवाहात उच्चारली तरच तो घडतो. सुट्या पदांच्या परीक्षेवरून संधी नाही असा निर्णय देणाऱ्याची निरीक्षणे अचूक असतील. परीक्षेची रीत मात्र अपुरी राहते.

ती रीत २०१४ मध्ये पालटली, आणि विशेष हे की, ती पालटणाऱ्यांत वाइस व नेल्सन स्वतः होते. अलेक्झांडर डन याच्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने त्यांनी ॲक्टिनचा एकच तंतू दोन सूक्ष्म मण्यांच्या मध्ये ताणून धरला; हे मणी लेसर किरणांच्या सापळ्यांत अडकविलेले होते. खालच्या पृष्ठभागावर कॅडहेरिन, बीटा व आल्फा यांचे संकुल बसविले आणि तो पृष्ठभाग मागेपुढे हलविला. संकुलाने तंतू धरला की मणी जागचे ओढले जात; किती बलाने आणि किती वेळ, हे मोजता येई. परिणाम असा निघाला की, बल अत्यल्प असता बंध लवकर सुटतो. बल काही पिकोन्यूटनांपर्यंत वाढविले असता तो अधिक काळ टिकतो. आणि त्याहून फार वाढविले तर पुन्हा सुटतो. सामान्य बंध ओढल्याने सैल होतात, हा ओढल्याने घट्ट होतो. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगण्यास नव्या परिभाषेची गरज नाही. ओढताच सुटणारी ती सुरगाठ, आणि ओढताच आवळणारी ती निरगाठ. २००५ चे प्रयोग निरगाठीची परीक्षा दोरी न ओढता करीत होते.

असे असले तरी १९८९ चे नाव जसेच्या तसे पुन्हा प्रतिष्ठित झाले असे म्हणता येणार नाही. लोखंडी साखळी ओढली तरी तीच असते व न ओढली तरी तीच असते. ही साखळी ओढल्यावरच साखळी होते. २०१७ मध्ये व्हिन्क्युलिन आणि ॲक्टिन यांच्या बंधाची अशीच परीक्षा झाली, आणि तो बंध तंतूच्या एका विशिष्ट टोकाच्या दिशेने ओढला असता कितीतरी अधिक टिकतो असे आढळले. म्हणजे गाठ आवळण्यालाही दिशा आहे. २०२० मध्ये गोठविलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने ॲक्टिनच्या तंतूवर बसलेल्या आल्फा-कॅटेनिनची रचना दिसली. तंतूला धरताना त्याच्या टोकाशी असलेली मळसूत्रांची घडी पालटते, असे दोन स्वतंत्र गटांनी नोंदविले. या विषयातील स्फटिकांनी रेणूची विश्रांत मुद्रा बिनचूक दाखविली. त्याची ताणलेली मुद्रा अद्याप पुरती पाहावयाची आहे.

मराठीत या संज्ञा कशा आणाव्यात, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. ‘प्रोटीन’ हा शब्द बर्झेलियसने मुल्डरला सुचविला आणि १८३८ मध्ये तो छापला गेला. ‘अग्रस्थानी असलेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो केलेला आहे. मराठीतील ‘प्रथिन’ हे रूप ‘प्रथम’ची आठवण करून देते आणि मूळ ध्वनीलाही जवळ राहते, परिभाषेच्या इतिहासात असा दुहेरी लाभ क्वचितच होतो. त्या धर्तीवर कॅटेनिनला ‘शृंखलिन’ किंवा व्हिन्क्युलिनला ‘बंधिन’ म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु लॅटिन नाव युरोपीय वाचकालाही आज अपारदर्शक झाले आहे, आणि त्यामुळेच २००५ मध्ये अर्थ डळमळला तरी नाव डळमळले नाही. पारदर्शक मराठी नावाला हे संरक्षण मिळाले नसते. ‘शृंखलिन ही शृंखला नव्हे’ असे वाक्य त्या वर्षी कोणाला तरी लिहावे लागले असते. यास्तव येथे लिप्यंतर करणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो.

या नावांतील आणखी दोन रूपे नोंदण्यासारखी आहेत. गॅमा-कॅटेनिन हे डेस्मोसोममधून आधीच ज्ञात असलेले ‘प्लाकोग्लोबिन’च आहे, असे पुढे निष्पन्न झाले, दोन्ही नावे आजही चालतात. बीटा-कॅटेनिनचे फळमाशीतील नाव ‘आर्माडिलो’ असे असून ते खवल्या मांजरासारख्या चिलखती अंगाच्या एका अमेरिकन प्राण्यावरून आले आहे. डिक्टिओस्टेलियम नावाच्या श्लेष्मजीवात, म्हणजे जो प्राणीच नव्हे अशा जीवात, बीटा-कॅटेनिनसारखे प्रथिन सापडले तेव्हा संशोधकांनी त्याला गमतीने ‘आर्डवार्क’ म्हटले. हा आफ्रिकेतील मुंग्या खाणारा प्राणी असून त्याच्या आफ्रिकान्स नावाचा अर्थ ‘भूडुक्कर’ असा होतो. २०११ मध्ये डिकिन्सन, नेल्सन व वाइस यांनी दाखविले की, या जीवात आल्फा-कॅटेनिनही आहे, त्याच्या फलदेहाच्या टोकाशी अस्तरासारखी पेशींची एक सुसूत्र रांगही आहे, आणि ती रांग या दोन प्रथिनांवाचून नीट राहत नाही. कॅडहेरिन मात्र त्या जीवात मुळीच नाही.